रक्तासाठी ग्रुपवर मेसेज टाकायचा की नाही?

मुलुंडकर: परवापासून एक पोस्ट फिरतेय: "रक्तासाठी व्हॉट्सॲपवर हात पसरणं बंद करा, रक्त आणणं हॉस्पिटलचं काम आहे." वाचून डोकं उठलं. एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट) म्हणजे काय फ्रीजमध्ये पडून असलेली बाटली आहे? प्लेटलेट 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या ठेवून, 5 दिवस टिकतात. त्यामुळे दाता बहुतेकदा आजच्या आज लागतो. वजन 50 किलोच्या वर, प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर, 3 दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, शीर चांगली हवी. आधी नमुना, मग तपासण्या, मग मशीनवर तास-दीड तास. नात्यात असा माणूस नसला तर विचारायचं कुठे?

परळचा टेक्निशियन: पावसाळ्यातले निम्मे मेसेज डेंग्यूचे असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना प्लेटलेट लागतच नाहीत. रक्तस्राव नसेल तर काउंट 25 हजारांवर आला एवढ्यावरून प्लेटलेट चढवत नाहीत. 10 हजारांखाली गेला किंवा रक्तस्राव सुरू झाला की विचार होतो. डॉक्टर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि बीपी बघत असतात, घरचे काउंट बघून मेसेज सोडतात. "अर्जंट बी निगेटिव्ह, प्लीज फॉरवर्ड." तारीख नाही, वॉर्ड नाही, रक्त हवंय की प्लेटलेट तेही नाही. पेशंट घरी गेल्यावरही महिनाभर फोन वाजतो.

मुलुंडकर: मग मेसेज लिहायला शिकवा, बंद कशाला करता? गट, घटक, किती पिशव्या, हॉस्पिटल, रक्तपेढीची वेळ, वर्षासकट तारीख, आणि एकाच नातेवाइकाचा नंबर. रिपोर्टचा फोटो टाकू नका. मजकूर फेसबुकवर सार्वजनिक ठेवून ग्रुपवर फक्त लिंक द्या. गरज भागली की पहिल्या ओळीत तसं लिहा, लिंक उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. फॉरवर्ड झालेला मेसेज मात्र परत घेता येत नाही.

चर्नीरोड वेस्ट: आणि "ओ असेल तर कोणीही या" हे लिहिणं आधी थांबवा! बॉम्बे गट म्हणजे ओ पेशींवर असणारा 'एच' घटकही नसलेला दुर्मीळ गट, त्या पेशंटला ओची पिशवी जीवघेणी ठरते. हा गट 1952 मध्ये आपल्याच शहरात डॉ. भेंड्यांनी जगासमोर आणला आणि इथल्याच लोकांना तो माहीत नसावा? नुसत्या स्लाइडवर गट बघितला की हा माणूस ओ दिसतो. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे माहीत असलेल्या गटाच्या पेशी सीरममध्ये घालून बघितल्या की, त्याच्या सीरममध्ये ओ पेशींच्याही गुठळ्या होतात, तिथे पकडला जातो. काही कॅम्पांत घाईघाईने फक्त स्लाइड करून कार्ड हातात देतात, माझा राग त्यावर आहे.

परळचा टेक्निशियन: कार्डावर विसंबून कुठलीही रक्तपेढी पिशवी देत नाही. पेशंटचा ताजा नमुना आणि डॉक्टरांनी भरलेला फॉर्म लागतो, क्रॉसमॅचला (पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायला) पाऊण-एक तास जातो. ओच्या सगळ्या पिशव्या जुळेनाशा झाल्या की बॉम्बेचा संशय येतोच. उगाच भीती पसरवू नका.

चर्नीरोड वेस्ट: भीती? दाता शोधण्यात गेलेला दिवस कोण भरून देणार? साधारण 10 हजारांत एक माणूस. आईवडिलांचं रक्त बहुधा चालत नाही, सख्ख्या भावंडांत चारात एक शक्यता. पहिला फोन भावंडांना, दुसरा दुर्मीळ गटाच्या दात्यांची यादी ठेवणाऱ्या रक्तपेढीला. ग्रुप त्यानंतर.

मुलुंडकर: आणि ती यादी संपली की? पुण्याचा, बेळगावचा दाता नेटवर्कवरच सापडतो. ठरलेलं ऑपरेशन असेल तर स्वतःचं रक्त आधी काढून ठेवता येतं, लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात. अपघातात तेवढी सवड कुठून आणायची?

दादरची ताई: मूळ मुद्द्यावर या. "बदली दाता (पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा माणूस) आणा, मगच पिशवी" म्हणून नातेवाइकांना पळवतात, त्यातून हे मेसेज जन्मतात. पैसे घेऊन रक्त देण्यावर 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे, तरी दात्यासाठी वणवण करणाऱ्या माणसाला गेटवर गाठणारे दलाल असतातच. ग्रुपवरून येणाऱ्या अनोळखी दात्याने पैशाचा विषय काढला तर तिथेच नकार द्या आणि रक्तपेढीला कळवा.

परळचा टेक्निशियन: ताईंचं बरोबर आहे, बदली दात्याची सक्ती चुकीचीच. मेसेजबद्दल एवढंच मानतो: एसडीपी आणि दुर्मीळ गटासाठी टाका. साध्या ओ किंवा बी पॉझिटिव्ह रक्तासाठी आधी ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर रक्तपेढ्यांचा साठा बघा आणि त्या रक्तपेढीला फोन करून खात्री करा, कारण तिथला आकडा सकाळचा असू शकतो.

मुलुंडकर: फोन उचलला नाही तर मेसेज टाकणारच. वर्षासकट तारीख घालून.