मदत हवी आहे: अटी लिहायच्या की नुसता विरोध? बुधवारी दुपारपर्यंत पत्र द्यायचंय

रानजाई (सोमवार, रात्री ११:२०)
नमस्कार. जरा पटकन सांगा, वेळ नाहीये. आमदारांच्या पीएने लेखी सूचना मागितल्यात, बुधवारी दुपारी ते अधिवेशनाला नागपूरला निघतायत. मी सात मुद्द्यांचा मसुदा करून आमच्या ग्रुपवर टाकला आणि दहा-दहा वर्षं सोबत काम केलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. दोघांनी ग्रुप सोडला. निम्मे म्हणतात, अटी लिहिल्या म्हणजे आपण मान्यताच दिली. उरलेले म्हणतात, कोर्टात हरलोय, आता निदान हाल तरी कमी करू. सगळं मुद्दा ३ आणि ५ वर अडलंय. ठेवू की काढू? कुणी असं पत्र दिलं असेल तर नमुना टाका. आणि कृपा करून "दोन्ही बाजूंचं बरोबर आहे" असं लिहू नका, ते मला पण येतं.

भटका_जोशी
कसल्या अटी? कुठला प्राणी? मुद्दा ३ आणि ५ आम्हाला स्वप्नात दिसणार आहेत का?

शेंगदाणा
आमच्या सोसायटीत हाच वाद झाला, म्हणून अनुभवावरून सांगतो. खाऊ घालायची जागा ठरवून घ्या, गेटपासून लांब, आणि वेळ रात्री साडेदहानंतरची. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला आधीचा आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. खाऊ घालायच्या जागा पालिकेने ठरवायच्या. सेक्रेटरीला त्याची प्रिंट दिली की गप्प होतो. आमचा झाला. लसीच्या कार्डांची फाईल मात्र ठेवा.

रानजाई
कुत्री नाहीत हो! बैलगाडा शर्यत. "कोर्टात हरलो" म्हटल्यावर कळेल असं वाटलं.
मुद्दा ३: आदत (दुधाचे दात न पडलेलं) जनावर पळवायचं नाही, चौसा (चार पक्के दात आलेलं) झाल्याशिवाय मैदानात आणायचंच नाही. मुद्दा ५: प्रत्येक मैदानावर आमच्यासारख्या संस्थेचा एक निरीक्षक, आणि शर्यतीनंतरच्या अहवालावर त्याची सही. बाकीचे पाच (पाणी, सावली, जनावरांची रुग्णवाहिका वगैरे) कुणाला खुपत नाहीत.

काळाकोट
आता बोलता येईल. थोडं मागे जावं लागेल, कारण तुमच्या ग्रुपमधल्या "मान्यता" वाल्यांना वेड्यात काढू नका, त्यांची भीती कागदावर खरी ठरलेली आहे.
मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, हा त्यातला मोठा आधार. २०१७ मध्ये राज्याने प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि पाठोपाठ नियम आणले: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, पल्ला हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक-विजेचा झटका बंद, मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. हायकोर्टाने ते रोखलं, १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केलं. आणि कशाच्या जोरावर? दुरुस्ती आणि नियम मिळून पाहिले तर जनावराचा त्रास बराच कमी झालाय, आता हे २०१४ मधलं प्रकरण राहिलं नाही, म्हणून. म्हणजे कायदा टिकला तो अटींच्या खांद्यावर. आता तुमच्या मुद्दा ५ कडे बघा. उद्या पुन्हा कुणी याचिका केली तर सरकारी वकील पहिला कागद हाच दाखवणार: प्राणिमित्र संघटनांचे लोक स्वतः मैदानात उभे राहून सह्या करतात, मग क्रूरता कुठली?
माझं मत: ५ काढा. ३ ठेवा, पण पत्राच्या पहिल्याच ओळीत "आमचा शर्यतींना असलेला मूळ विरोध कायम ठेवून" असं येऊ द्या.

नदीकाठ
काळाकोट, कोर्टात बसून हे सोपं आहे. मी मैदानावर जाते. पहिल्या वर्षी ओळखपत्र नव्हतं तर "मॅडम, स्टेजवर बसा, चहा घ्या" म्हणत दोन पोरांनी मला सुटीच्या जागेपासून (जिथून गाडे सुटतात तिथून) पार लांब नेऊन बसवलं. दुसऱ्या वर्षी तहसील कार्यालयाचं पत्र गळ्यात होतं. तेव्हा छकड्याच्या दांडीला बांधलेलं एक फडकं मी सोडायला लावलं. आत वीतभर पराणी, टोकाला घासून घासून चकचकीत केलेला खिळा. त्या बैलाच्या मागच्या फऱ्यावर ताजे ठिपके होते, एकाच ओळीत, सुईने टीप घालावी तसे. तो जोड बाद झाला. माझी सही पुढे कुठल्या याचिकेत दाखवतील म्हणून मी ते फडकं सोडायचं नव्हतं का? ५ च खरा मुद्दा आहे. बाकी सहा शोभेचे.

निखळ
आणि त्यानंतरच्या जोडाची फडकी कुणी सोडली? एका मैदानात दोनशे जोड येतात. तुमच्या सहीने ते सगळे शुद्ध झाले. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या वेळी "घोड्यांना टोप्या घाला, दुपारी विश्रांती द्या" अशा अटी मागत बसले असते तर त्या आजही धावत असत्या. सरळ बंदी मागितली, २०१५ मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, एक वर्षाची मुदत दिली, विषय संपला. रानजाई, सातच्या सात काढा. पत्र एका ओळीचं: शर्यत बंद करा.

भटका_जोशी
निखळ, शर्यतीची बंदी पण सरळच मागितली होती आणि २०१४ ला मिळालीही होती. तीन वर्षांत विधिमंडळाने ती गुंडाळून ठेवली, आणि माझ्या आठवणीत कुठल्याच पक्षाने त्यावर घसा कोरडा केला नाही. घोडागाडीवाल्यांच्या मागे किती मतं होती? इथे आंबेगाव-खेडपासून खटाव-माणपर्यंत गावंच्या गावं आहेत.

खिल्लारप्रेमी
मी बैलवाला आहे, मारायला येऊ नका. ताई, तुमचा मुद्दा ३ लिहिणाऱ्याने कधी दावणीला खोंड बांधलेला नाही. आदतलाच तर जनावर तयार होतं. दोन दाती होईपर्यंत त्याला वळण लावलं नाही तर चौसा झाल्यावर ते माणसाला वळण लावतं. हां, आदतचं अंतर कमी करा, मी स्वतः सही देतो. आमचा बैल रोज दोन लिटर दूध, अंडी, उडदाचं पीठ खातो, माझ्या पोराला एवढं मिळत नाही (बायको हेच बोलते). बंदीची सात वर्षं खिल्लार खोंडाला गिऱ्हाईक नव्हतं. ट्रॅक्टर आल्यावर शेतकरी कशाला पाळेल? ते खोंड कुठं गेले ते पण शोधा की.

निखळ
२०१५ पासून बैल कापायलाही राज्यात बंदी आहे. मग "कुठं गेले" हे तुम्हीच सांगा.

खिल्लारप्रेमी
रात्री टेम्पोत गेले. कायदा कागदावर असतो साहेब, टेम्पो रस्त्यावर असतो.

शेंगदाणा
उडदाच्या पिठाने गॅस होत नाही का बैलाला? खरंच विचारतोय.

आजी_६८
तुम्ही सगळे नवीन भांडण समजून भांडताय म्हणून लिहिते. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या तेव्हा, १९५० च्या दशकात, त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध स्वतःचं विधेयक आणलं होतं. नेहरूंनी शब्द दिला की सरकारच आणेल, आणि बाईंनी ते मागे घेतलं. सरकारचा कायदा आला १९६० मध्ये. त्यात प्रयोगशाळांना मुभा, धर्मासाठी मारायला मुभा, डागणं-खच्ची करणं-वेसण घालणं अपवादात. बाई स्वतः कट्टर शाकाहारी. तरी त्यांनी १९६२ मध्ये त्याच कायद्याखाली झालेल्या प्राणी कल्याण मंडळाचं अध्यक्षपद घेतलं आणि पुढे कितीतरी वर्षं सांभाळलं. त्यांनी नको म्हणून घरी बसायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ सालचे पन्नास रुपये, आज पण पन्नासच. तडजोड करताना आकडा तरी असा घाला की तो वाढत राहील, एवढंच माझं म्हणणं.

उत्रेख्तकर
आजींना दंडवत. इकडचं सांगतो. युरोपात अंड्यांच्या कोंबड्यांसाठी १९९९ मध्ये कायदा झाला: साधे पिंजरे २०१२ पासून बंद, "सुधारित" पिंजरे चालतील. कोंबडीमागे ५५० चौरस सेंटिमीटरचे ७५० झाले. ए-फोर कागद आणि वर एक पोस्टकार्ड, बस. शेतकऱ्यांनी कर्ज काढून नवे पिंजरे बसवले, आणि आता तेच म्हणतात, कर्ज फिटेपर्यंत हात लावू नका. पिंजरे पूर्ण घालवा म्हणून जवळपास १४ लाख सह्या झाल्या, आयोगाने २०२१ मध्ये होकार दिला, २०२३ पर्यंत प्रस्ताव आणतो म्हणाले. २०२३ आलं आणि गेलं. मुद्दा असा की अट घालताना तिच्यावर कोण पैसे गुंतवणार ते बघा. ज्याने गुंतवले तो पुढच्या अटीचा शत्रू. पाणी-सावलीत कुणाचं कर्ज अडकत नाही, तिथे बिनधास्त लिहा.

नदीकाठ
कोंबड्यांचा आणि बैलांचा काय संबंध? इथे बुधवारी पत्र द्यायचंय.

भटका_जोशी
रानजाई, दोन साधे प्रश्न. तुमची संस्था नोंदलेली आहे का? आणि हे आमदार शर्यतीच्या बाजूचे की विरोधातले?

रानजाई (मंगळवार, दुपारी १:०५)
नोंदणी आहे, फक्त गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट धर्मादायमध्ये जायचा राहिलाय. आमदार म्हणजे... आमच्या तालुक्यातली सगळ्यात मोठी शर्यत त्यांच्याच वाढदिवसाला असते. पहिलं बक्षीस ट्रॅक्टर. मला वाटलं हे सांगायची गरज नाही, कुठला आमदार नसतो?

भटका_जोशी
_/\_

काळाकोट
बाई, हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! तुम्ही शर्यतीच्या मालकाला शर्यतीच्या अटी लिहून देताय. त्याला तुमच्या सूचना नकोत, तुमच्या लेटरहेडची सही हवी आहे. सल्ला बदलतो:
पत्र एकट्या पीएच्या हातात देऊ नका. तेच पत्र जिल्हाधिकारी, औंधचं पशुसंवर्धन आयुक्तालय आणि तुमच्या जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी, तिघांनाही द्या आणि प्रत्येक ठिकाणी शिक्क्याची पोच घ्या. मग कुणी अर्धंच पत्र वाचून दाखवलं तर पूर्ण पत्र कुठेतरी आवक क्रमांकासह पडलेलं असेल. पहिली ओळ मात्र हलवायची नाही.

नदीकाठ
पोच घेण्याबद्दल काळाकोटशी सहमत, आयुष्यात पहिल्यांदा. ५ काढत असाल तर त्याच्या जागी एक द्या जे कुणाच्या सहीवर चालत नाही. मी एका मैदानावर पशुवैद्यकाच्या दाखल्यांचा गठ्ठा पाहिला, सगळे आदल्या दिवशी सही केलेले, बैलाच्या वर्णनाची जागा कोरी. जो येईल त्याचं नाव भरायचं. म्हणून मागा: दाखल्यावर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, बैलाचा बिल्ल्यासकट फोटो, आणि सुटीच्या जागेचं सलग चित्रीकरण तहसीलमध्ये जमा, कुणालाही बघता येईल असं. निरीक्षक आमचा नको, कॅमेरा ठेवा. कॅमेऱ्याला स्टेजवर चहाला नेता येत नाही.

निखळ
ही पण अटच झाली. २०२३ च्या निकालाची पुढची आवृत्ती.

नदीकाठ
असेल. पण यातून पुरावा माझ्याकडे राहतो, सही त्यांच्याकडे जात नाही. तुमच्या एका ओळीच्या पत्रातून काय राहतं?

निखळ
माझी झोप.

खिल्लारप्रेमी
बिल्ल्याची अट चांगली आहे. जनावर बदलून दुसऱ्याच्या नावावर पळवतात त्याचा ताप आम्हालाच होतो. हे घाला, बैलवाले पण खूश होतील.

निखळ
बघा. बैलवाले खूश!

शेंगदाणा
अवांतर: पुण्यात मांजरीच्या नसबंदीचा साधारण खर्च किती येतो?

रानजाई (बुधवार, सकाळी ११:४०)
सगळ्यांचे आभार, काल रात्री दीडपर्यंत बसलो. ५ काढला, नदीकाठ यांचा बिल्ला आणि कॅमेरा घातला. ३ मध्ये खिल्लारप्रेमींचं अंतर नाही घेतलं, चौसाच ठेवलं. आकडा आपण सोडला की तो तिकडून परत येत नाही, असं आमच्यातल्या एकाने सांगितलं, पटलं. पहिली ओळ काळाकोट म्हणाले तशीच. चौदापैकी नऊ जणांनी सही केली. ग्रुप सोडलेल्यांपैकी एक काकू घरी येऊन पत्र वाचून गेल्या. सही नाही केली, पण शुद्धलेखनाच्या चार चुका काढून दिल्या.

आता नवीन अडचण. पीए आत्ता घरी आलेत, ओसरीवर बसलेत. म्हणतात, साहेब बिल्ल्याचा मुद्दा याच अधिवेशनात मांडायला तयार आहेत, अगदी नाव घेऊन, "आमच्या तालुक्यातल्या प्राणिमित्रांची सूचना" असं. फक्त ती "मूळ विरोध" वाली पहिली ओळ तेवढी काढा, सभागृहात बरं दिसत नाही. काढू का? लवकर सांगा, चहा संपत आलाय त्यांचा.

काळाकोट
नाही.

नदीकाठ
थांबा. नाव न घेता मांडणार असतील तर? विचारून बघा आधी.

निखळ
मी म्हणालोच होतो.

भटका_जोशी
बाकी तीन ठिकाणची पोच घेतली का? ते आधी सांगा.

रानजाई
झेरॉक्सवाला अकराला उघडतो म्हणाला होता. अजून बंदच आहे.