एटीएममधून पैसे आलेच नाहीत, खात्यातून मात्र गेले, वर चार्ज पण! मदत हवी आहे

मंडळी, जरा मार्ग सुचवा. आई कराडला एकटीच असते, बाबांची फॅमिली पेन्शन तिच्या खात्यात येते. 17 तारखेला ती घराजवळच्या एटीएमवर गेली (मशीन दुसऱ्या बँकेचं, तिची बँक लांब आहे आणि गुडघे दुखतात), 10,000 टाकले, आत खडखड झाली, पैसे काही बाहेर आले नाहीत, पावती पण नाही. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून परत कार्ड घातलं तर व्यवहार होऊ शकत नाही असं आलं. घरी येऊन मेसेज बघते तर 10,000 वजा! आणि त्याच्याखाली 27 रुपये 14 पैसे दोनदा. म्हणजे पैसे न दिल्याचे 54 रुपये 28 पैसे घेतले 😡

दुसऱ्या दिवशी शाखेत गेली तर म्हणे पाच दिवस थांबा आपोआप येतील. थांबली. मग म्हणे मशीनच्या रेकॉर्डला व्यवहार यशस्वी दिसतोय, तुम्ही त्या दुसऱ्या बँकेत जा. तिथे गेली तर ते म्हणतात कार्ड आमचं नाही. आज 28 तारीख. आई आता मलाच विचारते, नोटा मी घ्यायच्या विसरले असेन का रे? हे ऐकून जास्त डोकं फिरलं. मी पुण्यात, सारखी रजा नाही मिळत. नक्की कोणाच्या मागे लागायचं? आणि ते चार्ज कसले?

प्रतिसाद :
दुसऱ्या बँकेत अजिबात जाऊ नका, ज्यांचं कार्ड त्यांचीच जबाबदारी. तोंडी बोलणं बंद करा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पासबुकातल्या एंट्रीचा नंबर, तारीख, वेळ टाका, त्या दिवशीची मशीनची कॅश टॅली (आतली रोकड नोंदीशी जुळते का त्याचा हिशेब) आणि सीसीटीव्ही फुटेज मागा, फुटेज लवकर मागा कारण ते कायम ठेवत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत, पुढे रोज 100 रुपये भरपाई, ती पण न मागता. म्हणजे 22 नंतर आजपर्यंत 600 झाले.

चार्जचं म्हणाल तर दुसऱ्याच्या मशीनवर नुसता बॅलन्स बघितला तरी महिन्याच्या फुकटच्या पाच व्यवहारांत धरतात, ते संपले की मग प्रत्येकी 23 अधिक जीएसटी. पण मशीनच्या बिघाडाने फसलेला व्यवहार मोजायचाच नाही असं ऑगस्ट 2019 चं परिपत्रक आहे, तेही अर्जात लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट असते.

धागाकर्ता :
बॅलन्स! आई दर दोन-तीन दिवसांनी पेन्शन आली का बघायला जाते तिथे, आता कळलं पाच कुठे संपले ते. शनिवारी जातोय कराडला. अर्ज आईच्या सहीने लागेल ना, की माझ्या सहीने चालेल?