दिवंगत सभासदांवर काय लिहायचं? ‘मनमिळाऊ, हसतमुख’च्या पुढे गाडी जात नाही

पानखूण

नमस्कार. आमच्या वाचक मंडळाची वार्षिक पुस्तिका निघते. तिची शेवटची पानं त्या वर्षी गेलेल्या सभासदांसाठी असतात आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आहे. यंदा लिहायला बसण्याआधी जुने अंक काढून ओळीने वाचले आणि मन खट्टू झालं. मनमिळाऊ स्वभाव, सदा हसतमुख, परोपकारी वृत्ती, कधीही भरून न निघणारी पोकळी. नाव झाकलं तर कोणाबद्दल लिहिलंय हे घरच्यांनाही ओळखता येणार नाही. यातल्या कितीतरी जणांना मी जवळून ओळखत होते. त्या ओळींत त्यांच्यातलं कोणीच सापडत नाही.

यंदा ज्या काकांवर लिहायचं आहे त्यांचं मोठं पद नव्हतं, पुरस्कार नव्हते. सभेत उठून बोललेलेही कोणाला आठवत नाहीत. संग्रहातली फाटकी पुस्तकं ते घरी न्यायचे आणि नीट करून आणायचे, बस. परवा त्यांतलं एक मुद्दाम हातात घेऊन पाहिलं. पाठीला पातळ कापडाची पट्टी, शिवणीचा दोरा पिवळट पानांच्या रंगाला जुळणारा, आणि शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख आणि ‘पान ११२ नाही’. तेवढ्याच मापाचा एक कोरा कागद त्या जागी शिवून ठेवलेला. हरवलेलं पान कधी सापडलं तर चिकटवायला जागा असावी म्हणून.

पण घरी फोन केला तर त्यांची मुलगी म्हणाली, “साधेच होते हो बाबा, काय सांगणार?” आता यावर पान कसं भरायचं?

लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांच्या पुढाकाराने १९०० साली उभारलेलं एक स्मारक आहे. दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या सामान्य माणसांची नावं आणि त्यांनी काय केलं ते तिथे फरश्यांवर लिहिलंय. वाचून भारावून जायला होतं, पण तिथे जागा मिळायला मरण धाडसाचं लागतं. आमचे काका म्हातारपणी, आजारपणात गेले. अशा माणसाची आठवण लिहायची कशी?

जुनी नोंदवही

ताई, निम्मा लेख तुम्ही प्रश्नातच लिहून ठेवलाय. त्या कोऱ्या कागदापुढे ‘परोपकारी वृत्ती’ लिहायची गरजच उरत नाही.

मी बरीच वर्षं एका वर्तमानपत्रात निधनवार्ता पाहायचो, म्हणून थोडं अधिकाराने सांगतो. “ते कसे होते?” असं विचारलं की समोरचा विशेषणंच देणार. दुःखात असलेल्या माणसाला पटकन तेवढंच सुचतं, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून ‘कसे’ विचारूच नका, ‘काय करायचे’ ते विचारा. मंडळात आले की आधी कुठे जायचे? कुठल्या खुर्चीत बसायचे? कशाने चिडायचे? घरात कुठल्या वस्तूला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे? त्यांच्याकडून शिकलेलं काय तुम्ही अजून तसंच करता? यातला शेवटचा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. त्याला सहसा “काही नाही” असं उत्तर येत नाही. आधी गप्प बसतात, मग एखादी बारीकशी गोष्ट निघते, आणि तिच्या मागोमाग चार.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मृतांवर छोटी टिपणं छापायला सुरुवात केली होती. एकेक टिपण साधारण दोनशे शब्दांचं. त्यांत पदव्या आणि बढत्यांपेक्षा माणसाच्या सवयी, वेडं, घरातल्या लकबी यांना जागा होती, आणि कंपनीचा बडा अधिकारी व हॉटेलातला कामगार यांना जवळपास सारखीच. ज्या खास विभागात ती छापली गेली त्याला २००२ मध्ये पुलित्झर मिळालं. तुमच्या पानाला एवढंच माप पुरे. एक गोष्ट नीट उतरली की दोनशे शब्द भरतात, आणि दोन हजार शब्द जमवायच्या नादात पुन्हा विशेषणं शिरतात.

कंटाळवाणं वाटेल, पण नाव आणि तारखा कागदावरून तपासा, फोनवर ऐकून लिहू नका. घरात एक नाव, कागदोपत्री दुसरं, मित्रांत तिसरंच, असं फार वेळा असतं. तिन्ही लिहा. पुढे कधीतरी नातवंडं शोधायला येतात तेव्हा कुठलं नाव घेऊन येतील ते सांगता येत नाही.

बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच सांभाळा. कितीतरी निधनवार्तांत बाई अमक्यांची पत्नी आणि तमक्यांची आई असते आणि तिचं स्वतःचं काम, छंद, मत एका ओळीतही येत नाही. याच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये कबूल केलं की १८५१ पासूनचे त्यांचे मृत्युलेख बहुतांशी गोऱ्या पुरुषांचेच होते, आणि सुटून गेलेल्यांवर मागाहून लिहायला घेतलं. मोठ्या वर्तमानपत्राला मागे जाऊन भर घालता येते, तर मंडळाच्या पुस्तिकेलाही येईल. जुन्या अंकांतल्या ज्यांना तुम्ही ओळखत होतात त्यांच्यावर पुन्हा लिहा की.

कानोसा

वरच्या प्रश्नांत माझी एक भर. मुलाखत एकट्याची घेऊ नका, काकांना ओळखणारी दोन माणसं समोरासमोर बसवा आणि तुम्ही गप्प राहा. एक जण म्हणतो ते निळी शाई वापरायचे, दुसरा म्हणतो छे, काळी, आणि त्या वादातून माणूस उभा राहतो. अमेरिकेत २००३ पासून ‘स्टोरीकॉर्प्स’ हेच करतंय: एकमेकांना ओळखणारी दोन साधी माणसं, चाळीस मिनिटं, ध्वनिमुद्रण. ती मुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकजीवन विभागात जपली जातात.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पुरतं. फक्त पंखा बंद करा, आणि सुरुवातीलाच तारीख, बोलणाऱ्यांची नावं आणि “रेकॉर्ड करतोय, चालेल ना?” हे त्यांच्या होकारासकट आवाजात येऊ द्या. त्याच दिवशी दुसरीकडे एक प्रत काढून ठेवा. फोटो मिळाले तर मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहून घ्या. बॉलपेन नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई उतरते. फोटो ओळखणारं शेवटचं माणूस गेलं की त्या फोटोतले सगळेच अनोळखी होतात, म्हणून हे काम लेख लिहिण्याच्याही आधी करा.

मधली लेक

मी घरच्यांच्या बाजूने लिहिते. माझी आई गेली तेव्हा ती जिथे काम करायची त्या संस्थेने तिच्यावर अर्धं पान छापलं. ‘सदैव हसतमुख आणि शांत.’ आई शांत नव्हती. ती हिशेबात एक रुपया चुकला तरी सगळ्यांना थांबवून ठेवायची, मोठ्या आवाजात भांडायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्याशी भांडली त्याच्याच टेबलाशी जाऊन बसायची. ते अर्धं पान वाचून मला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. आमच्या घरी ते कोणी जपून ठेवलं नाही.

तेव्हा ताई, काका तिरसट असतील तर तिरसट लिहा. वर उल्लेख आलेल्या त्या न्यूयॉर्कच्या टिपणांवरही पुढे हाच आक्षेप घेतला गेला की त्यांतली सगळी माणसं गोडच दिसतात. मात्र छापण्याआधी घरच्यांना दाखवा. आजाराचा तपशील, घरातले तंटे, पैशाअडक्याच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या तरी त्या छापायच्या का हे वेगळं विचारा. दुःखात माणूस बरंच बोलून जातो. आणि मुलीने “साधेच होते” म्हटलं यावरून तिला सांगायचं नाही असं समजू नका. मीही पहिल्या आठवड्यात हेच म्हणाले असते. महिनाभराने पुन्हा फोन करा.

पानखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. मधली लेक, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. तुमच्या आईबद्दल इथे लिहिलंत ते बरं केलंत. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी जाऊन बसणारी बाई मला आता माहीत झाली.

‘काय करायचे’ हा प्रश्न कालच मंडळातल्या दोघांना विचारून पाहिला. कळलं ते असं: काका कादंबऱ्या नीट करायचे पण स्वतः वाचायचे नाहीत. शिवताना मधली पानं नजरेखालून जायची, तेवढंच वाचन. त्यामुळे त्यांना शेकडो गोष्टींचे मधलेच प्रसंग माहीत होते आणि शेवट ते दुसऱ्यांना विचारायचे! शिवाय पुस्तक उलटं पालथं घालून जाणाऱ्यावर ते खरोखर संतापायचे, एकदा तर अध्यक्षांवरसुद्धा. हे दोन्ही छापणार.

आणखी एक अडचण आहे. याच वर्षी गेलेल्या एका आजींचं मागे कोणीच नाही. विचारायचं कोणाला, आणि छापण्याआधी दाखवायचं कोणाला?

जुनी नोंदवही

मग मंडळच त्यांचं घर. १९८७ मध्ये वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिचे १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, एका माणसाला झोपायला लागते तेवढी जागा. घरच्यांनी ज्यांना दूर लोटलं होतं त्यांचे तुकडे मित्रांनी, सोबत्यांनी शिवले. नातं नव्हतं म्हणून ते अडले नाहीत.

आजींचं पुस्तक-देवघेवीचं कार्ड असेलच ना? त्यांनी काय नेलं, किती दिवस ठेवलं, कुठलं पुस्तक परत परत नेलं, हे सगळं तिथे आहे. त्यात खाजगी वाटेल असं काही दिसलं तर सोडून द्या. मग शेजारी, औषधवाले, त्यांच्या रांगेत बसणारे सभासद. गुंटर डेमनिग या जर्मन कलाकाराने नाझी छळाच्या बळींसाठी १९९२ पासून जे पितळी ठोकळे बसवले, त्यांतल्या बहुतेकांवर मजकुराची सुरुवात ‘इथे राहत होते’ किंवा ‘इथे राहत होत्या’ अशी असते. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं एवढंच, आणि तोही त्या माणसाच्या घरासमोरच्या फुटपाथवर. २०२३ मध्ये अशा ठोकळ्यांची संख्या एक लाखावर गेली. आजींबद्दल चारच ओळी मिळाल्या तरी चार छापा, फक्त त्या कुठे बसायच्या ते त्यात असू द्या.

दाखवायचं म्हणाल तर ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांनाच दाखवा, आणि कोणी काय सांगितलं ते फाइलमध्ये नावानिशी ठेवा.

पानखूण

कार्ड सापडलं. एकच प्रवासवर्णन आजींनी पुन्हा पुन्हा नेलेलं आहे, आणि दरवेळी मुदतीच्या आत परत केलंय. ते पुस्तक आता घरी आणून वाचते आहे.

काकांचा मजकूर रविवारी त्यांच्या मुलीकडे पाठवते. आणि कार्यकारिणीपुढे एक ठराव मांडणार आहे: ज्या सभासदांची तयारी असेल त्यांच्याशी ते हयात असतानाच बोलून ठेवायचं, रेकॉर्डिंगसह, आणि त्यातलं काय कधी छापायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं. त्यासाठी संमतीपत्राचा साधा, एका पानाचा मसुदा कोणी केला असेल तर कृपया इथे टाका.