समुद्र दिसतो म्हणून दहा हजार? पटतं का तुम्हाला?

रस्साभात
गेल्या शनिवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. आजोबांना समुद्र दिसेल अशा ठिकाणीच जेवायला न्यायचं, असं भाचीने महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं. ठिकाण मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं, वरच्या मजल्यावरचं. सध्या इन्स्टावर दर दुसऱ्या माणसाचा फोटो तिथला असतो. नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका हॉटेलापुरता नाही.

बाबा मूळचे आचऱ्याचे, मालवण तालुक्यातले. आयुष्यभर मासे खाल्ले ते काट्यासकट. खिडकीजवळच्या टेबलाला माणशी दोन हजारांचा 'मिनिमम स्पेंड' होता. म्हणजे आम्ही चौघांनी आठ हजारांचं खाल्लंच पाहिजे. दारात पाटीवर खडूने लिहिलेलं, 'कॅच ऑफ द डे: सुरमई'. जुलै महिना चाललाय, लक्षात घ्या.

सुरमई आली ती काळ्या दगडी फरशीच्या तुकड्यावर. वरून कोकमाचा कसलासा पिवळसर लाल सॉस. फरशीला काठ नाही, त्यामुळे सॉस निघाला तो थेट बाबांच्या सदऱ्याच्या दिशेने. बाबांनी तुकडा काट्याने उलटापालटा करून पाहिला आणि वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "बाबा रे, हिचं डोकं कुठे गेलं?" तो बिचारा नुसता हसला.

जेवण संपत आलं तेव्हा कॅप्टन येऊन अदबीने म्हणाला, "सर, मिनिममला तीनशे दहा कमी पडतायत. डेझर्ट बघता का?" बघितलं. मग बिल हे असं:

सोलकढी शॉट ४ × ३८० = १५२०
सुरमई १८५०
बोंबील टाको ९२०
आंबेमोहोर रिसोटो ११५०
कोळंबी १४००
साधा भात (आईसाठी) ३५०
पाणी २ × २५० = ५००
खरवस चीजकेक २ × ५६० = ११२०
एकूण ८८१०, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ८८१, त्यावर ५ टक्के जीएसटी. सगळं मिळून १०,१७५ रुपये ५५ पैसे.

सोलकढीचा तो शॉट म्हणजे आमच्या घरातल्या औषधाच्या मापाएवढा. माझं म्हणणं सरळ आहे. समुद्र यांच्या बापाचा नाही. खाली उतरून दोनशे पावलं चाललं की तोच समुद्र फुकट दिसतो. मग आपण पैसे नक्की कशाचे देतो?

पोटपूजा
अगदी मनातलं लिहिलंत. माहीम कोळीवाड्यात बचत गटाच्या बायका सीफूड प्लाझा चालवतात, तिथून समोर सी लिंक दिसतो. काठ असलेल्या ताटलीत मासा मिळतो आणि तो माशासारखा दिसतो. बाबांना तिथे न्या.

सायली_वसई
मी विरुद्ध बाजूने लिहिते, राग मानू नका.

"समुद्र फुकट आहे" असं म्हणणारे बहुतेक वेळा पुरुष असतात. मी संध्याकाळी एकटी कट्ट्यावर बसते तेव्हा काय होतं, सांगते. पाच मिनिटांत चणेवाला येतो, त्याचं काही नाही. दहाव्या मिनिटाला कुणीतरी हातभर अंतर सोडून बसतो आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो. वीस मिनिटांत मी उठलेली असते. आणि बाथरूमला जायचं झालं तर? मरीन ड्राइव्हचा कट्टा साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. एखाद्या बाईला विचारा, तिथे बसण्याआधी ती पाणी पिते का म्हणून.

मी वर्षातून तीन-चार वेळा असल्याच एका ठिकाणी जाते. मधल्या वारी, दुपारी चार वाजता, तेव्हा मिनिमम बिनिमम काही नसतं. ३९० ची कॉफी आणि बटाट्याचे फ्राइज घेते. तीन तास बसते. कुणी बघत नाही, कुणी उठवत नाही, बाथरूममध्ये साबण असतो. ते ३९० रुपये कॉफीचे नाहीत, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत असतं. वसईहून लोकलने उभी येणाऱ्या बाईला तीन तास कुणी त्रास न देता समुद्र बघायला मिळत असेल, तर तो सौदा मला महाग वाटत नाही.

रस्साभात
सायलीताई, बाथरूमचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. प्रतिसाद वाचून आईला विचारलं, तुला तिथलं सगळ्यात जास्त काय आवडलं? तर म्हणाली, "हात पुसायला ते गुंडाळून ठेवलेले छोटे टॉवेल." रिसोटोचं नावही काढलं नाही.

पण मग त्यांनी बसण्याचे पैसे म्हणून घ्यावेत ना. भाताचे साडेतीनशे लावू नयेत.

माजी_कॅप्टन
सात वर्षं असल्याच ठिकाणी फ्लोअरवर होतो, आता स्वतःची छोटी खानावळ आहे. थोडं आतलं सांगतो.

ताटात येतं त्याचा कच्चा माल साधारण किमतीच्या तिसऱ्या हिश्शात बसवायचा, हा धंद्यातला ढोबळ हिशोब. उरलेल्यात भाडं, पगार, वीज, गॅस. समुद्राजवळ आणखी एक खर्च असतो, तो गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. खारी हवा. एसीचं बाहेरचं युनिट, खुर्च्यांचे पाय, बिजागऱ्या, सगळ्याला गंज. तुम्ही ज्या काचेतून समुद्र बघितलात ती चार दिवस पुसली नाही तर दुधाळ होते. पावसाळ्यात बाहेरचा डेक बंद, म्हणजे आमच्या निम्म्या खुर्च्या गेल्या, पण भाडं काही निम्मं होत नाही.

मिनिमम स्पेंडचं कारणही साधं आहे. आतलं टेबल रात्रीत दोनदा-तीनदा फिरतं, म्हणजे एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसतं. खिडकीचं फिरत नाही. जुलैत सूर्य सव्वासातला बुडतो, माणसं सहालाच येऊन बसतात, ढगांमुळे काही दिसत नाही, तरी नऊपर्यंत हलत नाहीत. दोन मॉकटेल, एक नाचोज आणि चाळीस फोटो. त्यांच्यासाठी तो नियम आहे, तुमच्या बाबांसाठी नाही. पण नियम माणूस बघून लावता येत नाही.

आता सुरमई. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला संपते. त्यामुळे जुलैत मुंबईत बर्फातला बराच माल तिकडून येतो, नाहीतर कोल्ड स्टोरेजमधला असतो. माल वाईट नसतो. पण 'कॅच ऑफ द डे' ही पाटी मात्र चूक. मी स्वतः ती पुसली नाही कधी, हेही कबूल करतो.

आणि बाबांना सांगा, डोकं कुठे जातं ते. ते स्टाफच्या जेवणात जातं. डोकं, शेपटी, काट्याला चिकटलेलं मांस, सगळ्याचं दुपारी तीनला कालवण व्हायचं. आमच्यातल्या एका रत्नागिरीच्या पोराच्या हाताला चव होती. खरं सांगू का, आम्ही गेस्टपेक्षा चांगलं जेवायचो.

पोटपूजा
म्हणजे खिडकीत अरबी समुद्र आणि ताटात बंगालचा उपसागर! याचे दहा हजार कमीच झाले राव.

नियमावर_बोट
भावना बाजूला ठेवून बिलाकडे बघू. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना योग्य ठरवल्या. तुम्ही "काढा" म्हणायला हवं होतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते.

शिवाय तुमच्याकडून त्या ८८१ वरसुद्धा जीएसटी घेतलाय. चार्ज काढला असता तर बिल ९२५० रुपये ५० पैसे झालं असतं.

जीएसटी ५ टक्केच लागला, यात नशीब समजा. बड्या तारांकित हॉटेलाच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो.

सायली_वसई
पंचाहत्तरीच्या जेवणात, आई-बाबा समोर बसलेले असताना, "८८१ काढा" म्हणून कॅप्टनशी वाद घालायचा? नियम बरोबर आहे हो. पण ही सगळी ठिकाणं आपल्या संकोचावरच चालतात. तुमच्यासारखे लोक शेजारच्या टेबलावर असते तर बरं झालं असतं.

वेसावकर_नाखवा
मघापासून वाचतोय. तुम्ही सगळे समुद्र बघायच्या पैशाबद्दल बोलताय. आम्ही त्यात उतरणारे, म्हणून दोन शब्द.

आता आमच्या बोटी शाकारून ठेवल्यात. कागदावर बंदी ३१ जुलैला उठते, पण आम्ही वारा बघतो, नारळी पौर्णिमा बघतो, मग निघतो. त्यामुळे जुलैत कुणी 'आज पकडलेली सुरमई' म्हटलं की आमच्याकडे पोरंसुद्धा हसतात. बिनयांत्रिक होडीला बंदी नाही, पण असल्या खवळलेल्या पाण्यात ती जाणार किती आणि आणणार काय?

पण म्हणून मी या हॉटेलांच्या विरोधात नाही. उलटच आहे. मांदेली आधी आमच्या घरात खायची नाहीतर सुकवायची. आता तीच मांदेली कुरकुरीत तळून कागदाच्या कोनात घालून मोठ्या हॉटेलात जाते आणि सप्लायर आमच्याकडे ती वेगळी मागतो. बोंबलाचंही तेच. मुंबईतले लोक बोंबलाला नाक मुरडायचे, आता टाको म्हणून मागतात. चांगलं आहे.

माझं भांडण दोन गोष्टींशी. एक, पैसे पंचेचाळीस दिवसांनी मिळतात. आमचं डिझेल रोख, बर्फ रोख, खलाशाचा आगाऊ पगार रोख. तुम्ही ते दहा हजार त्याच रात्री कार्डाने दिलेत, त्यातला आमचा वाटा दीड महिन्याने येतो. दुसरी गोष्ट, आमच्या वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या मांडवावर, बोंबील वाळत टाकले की समोरच्या टॉवरमधून वासाची तक्रार जाते. टाको खाणारी माणसं तीच असतात कधी कधी. समुद्र बघायला पाहिजे, त्याचा वास नको.

रस्साभात
नाखवा, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आमच्या टेबलावरही काच बंद होती. बाबा म्हणालेच होते, "लाटा दिसतात पण आवाज नाही, टीव्ही बंद करून बघितल्यासारखं वाटतं."

घासफूस
आम्हा शाकाहाऱ्यांचं दुःख कुणी मांडणार का? समुद्राकाठी, सूर्यास्ताला, मेणबत्तीच्या उजेडात मी ७९० रुपयांचं पनीर खाल्लंय. जे पनीर ठाण्यात १८० ला मिळतं, खिडकीतून बसडेपो दिसतो इतकाच फरक.

वास्कोवाला
आमच्या गोंयात किनाऱ्यावरचे शॅक तात्पुरते, पर्यटन खात्याच्या सोडतीत मिळतात आणि पावसाआधी मोडून ठेवावे लागतात. पायाखाली वाळू, पुढ्यात लाटा, मध्ये काच नाही. म्हणून स्वस्त असेल असं वाटत असेल तर येऊन बघा! हंगामात इसवणीचा तुकडा (तुमची सुरमई) विचारून मागवा, नाहीतर बिल बघून लाटेत जाऊन बसाल. शॅकवाला म्हणतो वर्षाचं भाडं आठ महिन्यांत काढायचंय. त्याचंही खोटं नाही. आम्ही स्थानिक लोक मात्र गावातल्या खानावळीत नुस्त्याची (माशांची) थाळी खातो आणि मग पाय मोकळे करायला समुद्रावर जातो. जेवण आणि समुद्र एकाच वेळी पाहिजे हा हट्ट तुम्हा बाहेरच्यांचा.

माजी_कॅप्टन
वास्कोवाले, हे पटलं नाही. दोन्ही एकाच वेळी पाहिजे म्हणूनच तर माणूस घराबाहेर पडतो. गॅलरीत खुर्ची टाकून चहा पिणारा काय वेगळं करतो? आमच्याकडे एक आजोबा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकटे यायचे. एक सूप, एक टोस्ट. बायकोबरोबर यायचे आधी. खिडकीचं टेबल आम्ही त्यांना मिनिमम न लावता द्यायचो, मॅनेजर कानाडोळा करायचा. वर लिहिलं ना मी, नियम माणूस बघून लावता येत नाही? खोटं लिहिलं. लावायचो आम्ही.

सायली_वसई
रस्साभात, एक राहिलंच. बाबांना आवडलं की नाही शेवटी? सगळं बिल तुम्हीच वाचताय.

रस्साभात
भाचीने काढलेला फोटो त्यांनी गावच्या ग्रुपवर टाकला, हे खरं. सदऱ्यावरचा डाग लपेल असा कापून टाकला, हेही खरं. फरशीवर सजावटीला ठेवलेले दोन शिंपले त्यांनी खिशात घालून आणले, ते आता तुळशीच्या कुंडीत आहेत.

आज सकाळी त्यांना माजी कॅप्टन यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, डोक्याच्या कालवणाचा. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "माका आदी कित्याक नाय सांगलंस? भितुर जावन बसलो असतंय."

नियमावर_बोट
ते सगळं ठीक. ते ९२५ रुपये ५ पैसे परत मागितलेत का?