पवनीचा घाट: नुसती दुरुस्ती, की शेजारी काही नवंही?

घाटप्रेमी
पवनीचे वैनगंगेवरचे घाट पाहिले की जीव तुटतो. विदर्भाची काशी म्हणवणारं हे गाव. तटबंदी आहे, खंदक आहे, 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप निघाला. आणि घाटावर? निखळलेले दगड, सिमेंटची ठिगळं, झुडपं.

माझं मत स्पष्ट आहे. जुनं नीट दुरुस्त करावंच, पण सोबत आजच्या काळाची एक देखणी इमारतही उभी राहावी: स्तूपाची गोष्ट सांगणारं दालन, कोसा रेशमाचे माग, चार माणसं बसतील अशी जागा. फ्रान्सच्या मार्सेय बंदरात 17व्या शतकातला सेंट-जाँ किल्ला दुरुस्त केला, शेजारच्या धक्क्यावर 2013 मध्ये काँक्रीटच्या जाळीदार भिंतींचं म्युसेम संग्रहालय उघडलं आणि दोन्ही पादचारी पुलानं जोडले. जुन्याची नक्कल केली नाही आणि जुनं झाकलंही नाही. आपल्याकडे असं काही का होऊ नये?

ढिवरटोली
भाऊ, तिथला धक्का बंदराच्या कामातून मोकळा झाला होता. आमचा घाट मोकळा नाही. पहाटे डोंगे लागतात, जाळी वाळतात, बाया कपडे धुतात, दहाव्याला लोक येतात. टाइल्स बसल्या, रेलिंग लागलं, की पहिल्याच आठवड्यात "इथं जाळं टाकू नका" अशी पाटी येते. मग आम्ही डोंगा कुठं लावायचा?

दुसरं, वरच्या अंगाला गोसीखुर्द आहे. 33 दारांचं धरण. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशातून पाणी सुटलं तेव्हा वैनगंगाकाठी काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. काचेची इमारत नदीला कळत नाही.

घाटप्रेमी
पूररेषेच्या आत बांधा असं मी म्हटलंच नाही. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, तिच्या आत बांधकाम चालतच नाही. दालन वर, गावाच्या अंगाला असू द्या. हॅम्बुर्गमध्ये तर कोको, चहा, तंबाखूच्या विटांच्या गोदामावरच काचेचं संगीतगृह चढवलं, 2017 मध्ये. आता ते शहराची ओळख झालंय.

चुन्याची घाणी
हॅम्बुर्गचं उदाहरण जपून द्या. ते गोदाम आतून पूर्ण पोखरलं, राहिल्या फक्त बाहेरच्या भिंती. याला मी जतन म्हणणार नाही. आणि खर्च? शहराच्या तिजोरीतून 7 कोटी 70 लाख युरो जातील म्हणाले होते, गेले 78 कोटी 90 लाख. आपल्या नगरपरिषदेला त्याचा हजारावा हिस्साही पेलायचा नाही.

माझा जन्म जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत गेला, म्हणून सांगतो: पैसा आधी पायऱ्यांत घाला. चुन्यात बसवलेल्या दगडाच्या सांध्यात सिमेंट भरलं, की आतली ओल सांध्यातून बाहेर पडत नाही. ती दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागावर येतात आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटतात. हात फिरवला तर भुकटी हाताला लागते. चांगल्या घाटाची अशी वाट लावलेली मी कितीदा पाहिली! चुना महिनोन् महिने भिजवावा लागतो, दगडी चाकाच्या घाणीत रेतीसोबत मळावा लागतो, त्यात बेलफळाचं, गुळाचं पाणी घालतात. वेळ खातो, पण दगडासोबत जगतो. हे काम जाणणारे गवंडी आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. नवी इमारत पुढच्या पिढीतही बांधता येईल, हे हात तोवर थांबणार नाहीत.

माहेर पवनी
इमारतीला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. लिव्हरपूलच्या गोद्या 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या, आणि काठावरच्या नव्या बांधकामांपायी 2021 मध्ये यादीतून काढल्या गेल्या. एकदा काठ बिघडला की मागं येता येत नाही.

पण तुमच्यापैकी कोणीच पाण्याबद्दल बोललं नाही! नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. ज्या पाण्यात पाय बुडवायची किळस येते, त्याच्या काठाला कितीही सजवलं तरी कोण बसेल? आणि बायकांना कपडे बदलायला चार भिंती द्या. कार्तिकात आंघोळीला आलेल्या म्हाताऱ्या बाया ओल्या लुगड्याचा आडोसा धरून उभ्या राहतात, याची लाज सगळ्यात आधी वाटायला हवी.

घाटप्रेमी
चुना आधी, आडोसा आधी, मान्य. दालनाचा आग्रह मात्र सोडत नाही. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचिलिंद नागाचं शिल्प जिथं निघालं, त्या गावातल्या पोरानं ते पुस्तकातल्या फोटोत का पाहावं? नुसत्या दुरुस्त पायऱ्या पाहायला बाहेरून माणूस येत नाही, आणि माणूस आला नाही तर पुढच्या दुरुस्तीला पैसाही येत नाही.

चुन्याची घाणी
माणूस येतो म्हणून हॉटेलं येतात, पार्किंग येतं, हे विसरू नका. आणि केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. आधी जागा नकाशावर दाखवा, मग वास्तुविशारद शोधा.

ढिवरटोली
नकाशा काढाल तेव्हा कोणाचा डोंगा कुठं लागतो, तेही त्यावर लिहा. दालन गावात बांधा, आमची हरकत नाही, आमची पोरंही येतील पाहायला. घाटावर मात्र तिकिटाची खिडकी नको.