ड्रॉबॅक, रिफंड आणि रेमिशन: तिन्हींना 'परतावा'च म्हणायचं का?

अक्षरजुळारी
भारताच्या विदेश व्यापार धोरणावरील एका पाठ्यपुस्तकाचं भाषांतर सुरू आहे. एका वाक्यात ड्यूटी ड्रॉबॅक, टॅक्स रिफंड आणि ड्यूटी रेमिशन लागोपाठ आलेत. आशय असा, की मर्यादेत असतील तर हे तिन्ही प्रकार निर्यात अनुदानात मोडत नाहीत. पहिल्या खर्ड्यात झालं ते असं: 'शुल्क परतावा, कर परतावा व शुल्काचा परतावा यांना अनुदान म्हणता येत नाही.' संपादकांचा प्रश्न रास्त आहे, एकच गोष्ट तीनदा का? 'शुल्क-वापसी' सुचवलं, तर हिंदी म्हणून ते नाकारलं गेलं. पुढच्याच प्रकरणात 'गुंतवणुकीवरील परतावा' आहे, म्हणजे चौथा. तीन वेगळे, समजतील असे शब्द हवेत.

मुनीम
आधी व्यवहार वेगळे करा. रिफंडमध्ये स्वतः भरलेली रक्कमच परत मिळते. आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून माल निर्यात केला की शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे दिलेलं निर्यातीचं घोषणापत्र, हाच रिफंडचा अर्ज धरतात. त्यातला बीजक क्रमांक आणि जीएसटी विवरणपत्रातला क्रमांक जुळला की रक्कम खात्यात येते. ड्रॉबॅकचं, म्हणजे निर्यात मालात गेलेल्या कच्च्या मालावरच्या शुल्कापोटी मिळणाऱ्या रकमेचं, तसं नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७५ खाली सरकार मालागणिक सरासरी दर जाहीर करतं. समजा दर २ टक्के आहे आणि मालाची एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतची) किंमत १० लाख रुपये, तर मिळणार २०,००० रुपये. तुमच्या कच्च्या मालावर प्रत्यक्षात १२,००० शुल्क बसलं होतं की २८,०००, याचा हिशेब सरासरी दराने घेणाऱ्याला द्यावा लागत नाही. २८,००० बसलं असेल आणि फरक हवा असेल, तर ब्रँड रेटसाठी, म्हणजे आपल्या मालापुरत्या खास दरासाठी, कागदपत्रांनिशी वेगळा अर्ज करायचा. म्हणजे जे भरलं तेच 'परत' आलं असं ड्रॉबॅकबद्दल म्हणता येत नाही. 'परतावा' रिफंडला ठेवा, बाकी दोघांना देऊ नका.

गोदीकाठ
न्हावाशेव्याला कुठल्याही कस्टम्स एजंटाकडे 'शुल्क परतावा' म्हणा, तो विचारेल, आयजीएसटीचा की ड्रॉबॅक? 'ड्रॉबॅक' हाच शब्द रुळलाय, त्याला हात लावू नये. 'ड्रॉबॅक अडकला' यात काय काय येतं ते बघा. शिपिंग लाइनने ईजीएम (जहाजावरच्या निर्यात मालाची यादी) भरलेलं नाही, म्हणजे माल जहाजावर चढल्याची नोंदच नाही. मालाचं वर्गीकरण चुकलं, आठ आकडी कोडमधले पहिले सहा आकडे जगभर सारखे असले तरी शेवटच्या दोनांत घोळ झाला आणि दर बदलला. किंवा रक्कम मिळाली, पण परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे मुदतीत बँकेत आले नाहीत म्हणून ती व्याजासकट वसूल झाली. आयजीएसटीच्या रिफंडचे आजार वेगळे, त्यांचे त्रुटी-कोडही वेगळे: एसबी००२ म्हणजे ईजीएम नाही, एसबी००५ म्हणजे बीजक क्रमांक जुळत नाही. दोन्हींना एकच शब्द दिला तर वाचणारा भलत्या खिडकीवर उभा राहील.

तद्भव
रुळलाय तो एजंटांच्या बोलण्यात. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यासाठी आहे. मराठीत महसुलाची भाषा तयार असताना उसनवारी कशाला? दुष्काळात जमीन महसुलाला 'सूट' मिळते आणि 'तहकुबी' मिळते. सूट म्हणजे रक्कम कायमची सुटली, हेच रेमिशन. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलली. ॲडव्हान्स ऑथरायझेशन या परवान्यावर कच्चा माल शुल्क न भरता येतो आणि निर्यात होईपर्यंत जबाबदारी डोक्यावर राहते, ती सरळ शुल्क-तहकुबी. शिवाय 'तहकूब' अरबी 'तवक्कुफ'वरून आलेला, म्हणजे थांबणं. अर्थ चपखल बसतो.

मुनीम
तद्भव, शब्द सुरेख आहे, पण अर्धाच बसतो. महसूल तहकूब झाला तर पुढे भरावा लागतोच. ॲडव्हान्स ऑथरायझेशनमध्ये निर्यात पुरी केली की शुल्क कायमचं सुटतं. साधारणपणे किमान १५ टक्के मूल्यवाढ लागते: ६० लाखांचा कच्चा माल आणला तर ६९ लाखांची निर्यात, सहसा १८ महिन्यांत. ती साधली तर सूट, नाही साधली तर शुल्क आणि वर व्याज. निकाल शेवटी लागणाऱ्या गोष्टीला 'तहकुबी' म्हटलं तर विद्यार्थी समजेल की शुल्क नंतर भरायचंच आहे.

वटहुकूम
मूळ वाक्य जिथून आलं त्या जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक कराराच्या परिशिष्टात एक तळटीप आहे. 'रेमिशन किंवा ड्रॉबॅक' यात आयात शुल्काची पूर्ण किंवा अंशतः सूट आणि ते पुढे ढकलणं, दोन्ही धरलेलं आहे. म्हणजे तद्भवांची तहकुबी तिथे आत येते. मग तुम्ही तीन काटेकोर कप्पे केले, तर कराराच्या भाषेशी मेळ राहत नाही.
यापेक्षा मोठा घोळ 'अनुदान' या शब्दाचा आहे. वर्तमानपत्रं रोडटेप या निर्यातदारांसाठीच्या योजनेला सर्रास 'निर्यात अनुदान' लिहितात. ही योजना १ जानेवारी २०२१ पासून आहे आणि ती देते वीज शुल्क, वाहतुकीच्या इंधनावरचा व्हॅट, बाजार शुल्क अशा दुसरीकडे कुठेच परत न मिळणाऱ्या करांची भरपाई. बोजा जितका तितकीच भरपाई, तोवर ते अनुदान नव्हे. आधीची एमईआयएस योजना मालाच्या किमतीवर टक्केवारीने बक्षीस द्यायची, कर किती बसला याच्याशी तिचा संबंध नव्हता. म्हणूनच ३१ ऑक्टोबर २०१९ ला तंटा निवारण पॅनेलचा निकाल भारताविरुद्ध गेला. विकसनशील देश म्हणून मिळणारी मोकळीक तोवर संपली होती: दरडोई राष्ट्रीय उत्पन्न १९९० च्या किमतींनी सलग तीन वर्षं १,००० डॉलरवर गेलं की निर्यात अनुदानाची मुभा जाते. भारताने अपील केलं आणि डिसेंबर २०१९ पासून अपिलीय मंडळच बंद पडलं. एवढ्या इतिहासानंतर रोडटेपला आपणच मराठीत 'अनुदान' म्हणणं चुकीचंच आहे.

रोजकीर्द
हा गोंधळ जुना आहे. १९६६ मध्ये सुरू झालेली कॅश कॉम्पेन्सेटरी सपोर्ट योजना घ्या. नावात 'भरपाई', समर्थन 'परत न मिळालेल्या अप्रत्यक्ष करांसाठी', आणि प्रत्यक्षात दर ठरताना स्पर्धेत टिकण्याचा विचारही व्हायचा. जुलै १९९१ मध्ये ती बंद केली आणि तिच्या जागी निर्यातीच्या ३० टक्के किमतीच्या एक्झिम स्क्रिप आल्या, आयातीचा हक्क देणाऱ्या आणि बाजारात अधिमूल्याने विकल्या जाणाऱ्या. ते पैसे सरकारी तिजोरीतून जात नव्हते, आयात करणाऱ्याच्या खिशातून जात होते. याला ना परतावा म्हणता येतं ना अनुदान.
त्याच पुस्तकात १९६६ चं अवमूल्यन असेल तर आकडा तपासा. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. रुपयाच्या बाजूने मोजलं तर ३६.५ टक्के घट, डॉलरच्या बाजूने मोजलं तर ५७.५ टक्के वाढ. दोन्ही बरोबर, पण 'रुपयाचं ५७.५ टक्के अवमूल्यन' हे चूक.

तद्भव
आणि हल्ली रुपया पडला की रोज 'अवमूल्यन' छापतात, ते? सरकार ठरवून किंमत खाली आणतं ते अवमूल्यन, जसं १ आणि ३ जुलै १९९१ ला केलं. मार्च १९९३ पासून दर बाजारात ठरतो, तेव्हापासून होते ती घसरण.

गोदीकाठ
मान्य. पण लोक दोन्हीकडे एकच शब्द वापरतात आणि अर्थ संदर्भाने कळतो. भाषा वापरणाऱ्यांची असते.

वटहुकूम
संदर्भाने नेहमी कळत नाही. 'सीव्हीडी' घ्या. २०१७ पर्यंत आयातदाराच्या तोंडी सीव्हीडी म्हणजे उत्पादन शुल्काइतकं बसणारं जादा सीमाशुल्क, सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ चं कलम ३. जीएसटी आल्यावर बहुतेक मालावर त्याची जागा आयजीएसटीने घेतली. आता सीव्हीडी म्हणजे परदेशी सरकारने दिलेल्या अनुदानावरचा उतारा, कलम ९. मी याला 'प्रतिशुल्क' लिहितो, पण जुन्या मजकुरात तोच शब्द टाकला तर अर्थाचा अनर्थ होतो.

अक्षरजुळारी
पुस्तकात दोन्ही काळ आहेत! आणि तिसरं अँटी-डम्पिंग शुल्कही. त्याला 'अवपुंजनविरोधी' लिहिलंय.

गोदीकाठ
अवपुंजन कोणाला कळणार? 'डम्पिंगविरोधी शुल्क' लिहा.

तद्भव
एकदा व्याख्या दिली की कळतं. आपल्या देशातल्या किमतीपेक्षा कमी किमतीत परदेशात माल ओतणं, ते अवपुंजन. 'उदारीकरण'ही सुरुवातीला कोणाला कळलं होतं?

वटहुकूम
शब्द कुठलाही घ्या, दोन शुल्कांचं कारण वेगळं ठेवा. डम्पिंगमध्ये दोष निर्यात करणाऱ्या कंपनीच्या किमतीचा, म्हणून कंपनीगणिक दर वेगळा निघतो, कलम ९ए. प्रतिशुल्कात दोष तिथल्या सरकारच्या योजनेचा. सीव्हीडीच्या प्रत्येक उल्लेखापाशी साल आणि कलम बघा: कलम ३ असेल तर 'अतिरिक्त सीमाशुल्क', ९ असेल तर 'प्रतिशुल्क'. कलम दिलेलं नसेल आणि वाक्यात उत्पादन शुल्काचा दर आला असेल, तर ते कलम ३ चंच.

तद्भव
'प्रतिशुल्क' ऐकून वाटतं की त्यांनी शुल्क लावलं म्हणून आपण उलट लावलं. तो प्रकार वेगळाच. 'अनुदानरोधी शुल्क' का नको?