मिक्सरवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहते. माझी आत्या ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकलेली आहे. ख्याल तर ती गातेच, पण तिच्याकडे काही टप्पे (टप्पा म्हणजे झरझर तानांनी भरलेला गानप्रकार) आणि तराणे आहेत, ते आता फार कमी लोक गातात. टप्प्यातल्या जागा नोटेशनवरून हाती लागत नाहीत. तानेतले दाणे, म्हणजे एकेक स्वर, कसे सुटतात ते कानानंच घ्यावं लागतं. म्हणून तिचं गाणं जमेल तेवढं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं आम्ही मनावर घेतलंय.

घरी रेकॉर्डर स्टँडवर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ येतं. अडचण बैठकीत येते. तिथे साउंडवाला त्याच्या मिक्सरमधून वायर काढून थेट माझ्या रेकॉर्डरच्या माइक-इनमध्ये लावून देतो. मध्य सप्तकात ठीक वाटतं, पण आत्या तार षड्जाला पोचली किंवा खुल्या आकारात सपाट तान घेतली की आवाज चरचरत फाटतो. टप्प्याच्या ताना तर एकमेकींत मिसळून जातात. रेकॉर्डरची लेव्हल बरीच खाली आणून पाहिली. रेकॉर्डिंग बारीक होतं, फाटायचं थांबत नाही. लाल दिवा एकदाही लागलेला नाही.

साउंडवाला म्हणतो, ‘डिस्टॉर्शन है, माइक बदलवा लो.’ बाड्याजवळच्या दुकानात सांगितलं की हा नॉइज आहे, फिल्टर लावा. एका ओळखीच्यांनी क्लिपिंग म्हटलं. हे तिन्ही एकच का? आवाज नक्की कुठे फाटतोय ते कसं शोधायचं? आणि जे फाटलेलं आहे त्यातलं काही वाचवता येईल का? त्यात दोन टप्पे आहेत, म्हणून जीव अडकलाय.

प्रतिसाद – षड्जपंचम

ताई, आधी नॉइज वेगळा काढा. आत्या दोन ओळींच्या मध्ये थांबतात तेव्हा चरचर ऐकू येते का? गाणं थांबल्यावरही राहते ती खरखर किंवा घुमघुम म्हणजे नॉइज. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घुमघुम बहुतेक ५० किंवा १०० हर्ट्झला असते आणि फिल्टरनं बरीच कमी होते. डिस्टॉर्शन गाण्याला चिकटलेलं असतं. गाणं थांबलं की तेही थांबतं, त्यामुळे फिल्टर लावलात तर आत्यांचा आवाजच कापला जाईल.

क्लिपिंग हा डिस्टॉर्शनचाच एक प्रकार. कुठल्याही सर्किटला किती मोठा सिग्नल पेलवतो याला मर्यादा असते. त्यापुढे गेलं की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ गाण्यात नसलेले स्वर तयार होतात. २०० हर्ट्झचा एकच स्वर असा वरून-खालून सारखा छाटला, तर ६००, १००० असे त्याच्याच पटीतले स्वर वाढतात. नुसता एकच स्वर असेल तर आवाज कर्कश होतो, पण बेसूर होत नाही. बैठकीत मात्र गळा, तानपुरा, पेटी, तबला सगळं एकाच वायरीतून येतं. ते एकत्र छाटलं गेलं की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी स्वर निघतात, आणि ते कुठल्याच रागात बसत नाहीत. तुमच्या ताना मिसळून जातात त्या त्यामुळे.

हाच शब्द फोटोवालेही वापरतात. लेन्समुळे सरळ खांब वाकडा दिसला की ते त्यालाही डिस्टॉर्शनच म्हणतात. आणि इलेक्ट्रिक गिटारवाले आवाजाची ही छाटणी मुद्दाम करतात. म्हणून नुसतं ‘डिस्टॉर्शन है’ म्हणून काही कळत नाही, नक्की कुठे होतंय ते साउंडवाल्याला विचारा.

प्रतिसाद – वायरमन

ताई, फाइल ऑडेसिटी या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि फाटलेली एक तान इतकी मोठी करा की एकेक लहर दिसेल. शेंडे गोल आहेत की सपाट? आणि सपाट असतील तर किती उंचीवर?

धागाकर्ती

पाहिलं. शेंडे पट्टीनं कापल्यासारखे सपाट आहेत, पण वरच्या मर्यादेच्या साधारण निम्म्या उंचीवरच. आणि आत्या थांबल्यावर चरचर नाही.

प्रतिसाद – वायरमन

मग सिग्नल लेव्हलच्या बटणाच्या आधीच कापला जातोय. मिक्सरमधून येतो तो लाइन लेव्हलचा सिग्नल. माइक-इन माइकच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असतं, आणि लाइनचा सिग्नल त्याच्या शेकडो पट मोठा असू शकतो. तो आत शिरतानाच छाटला गेला की पुढे लेव्हल कमी करून तोच छाटलेला आवाज फक्त बारीक होतो. लाल दिवा पुढची लेव्हल बघतो, म्हणून तो लागत नाही.

पण खात्री करून घ्या. पुढच्या बैठकीत मिक्सरलाच हेडफोन लावून तार सप्तक ऐका. तिथेही फाटत असेल तर मिक्सरवर आत्यांच्या माइकच्या चॅनलचा गेन, म्हणजे आत येतानाची लेव्हल, कमी करायला सांगा. मास्टर खाली करून उपयोग नाही. तिथे स्वच्छ असेल तर रेकॉर्डरच्या मेनूत माइक-इनचं लाइन-इन करा. ती सोय नसेल तर मधे सिग्नल बारीक करणारा अ‍ॅटेन्युएटर लावा. २४ बिटवर ठेवा आणि सगळ्यात मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. थोडं बारीक आलं तर नंतर वाढवता येतं. माइक बदलायची गरज मला दिसत नाही.

जुन्या फाइलसाठी ऑडेसिटीत ‘क्लिप फिक्स’ आहे. आजूबाजूच्या लहरीवरून ते हरवलेल्या शेंड्याचा अंदाज बांधतं. चार-दोन शेंडे छाटले असतील तर छान काम करतं, अख्खी तान छाटली असेल तर कर्कशपणा थोडा कमी होईल इतकंच. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवर करा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कालच्या बैठकीत मिक्सरवर आवाज अगदी स्वच्छ होता. रेकॉर्डरमध्ये लाइन-इन केलं आणि तार षड्जावरचा आकार कुठेही न फाटता आला, तानपुऱ्याची जवारीसुद्धा वेगळी ऐकू येते. जुन्या फाइलमधला भैरवीचा टप्पा ‘क्लिप फिक्स’नं ऐकण्यासारखा झाला. काफीचा नाही झाला, त्यातल्या ताना अजूनही चिकटलेल्या आहेत. तो आत्या घरी पुन्हा गायला तयार आहे. आता एवढंच सांगा : तिचा आवाज खुला आणि मोठा आहे, तर घरी रेकॉर्डर तिच्यापासून किती लांब ठेवू?

प्रतिसाद – षड्जपंचम

एक मीटरपासून सुरुवात करा, तोंडाच्या अगदी समोर न ठेवता जरा बाजूला. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. म्हणून फार लांब नेऊ नका. ऑटो लेव्हल बंद ठेवा, नाहीतर तान संपल्यावर तानपुरा आपोआप वर येईल. आणि लेव्हल लावताना त्यांना मुखडा नाही, टप्प्यातली सगळ्यात जोरकस तान गायला सांगा.